रविवार कोणाचा?

मिस्सेत ख्रिस्तप्रसादाच्या रांगेत उभे असताना आमच्या खिशातला मोबाईल थरथरतो. ऑफिसच्या 'टीम्स'वर साहेबांचा निरोप असतो: "घाई नाही, सवडीने बघा." सवडीने कोण बघतो! मन वेदीसमोरून केव्हाच बीकेसीत पोहोचलेले असते.

आपल्या कुर्ल्याने गिरण्या पाहिल्या. जमशेटजी टाटांनी १८८६ साली घेतलेली स्वदेशी मिल इथलीच. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे १८९० साली गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. पुढच्याच वर्षी पोप लिओ तेरावे यांनी 'रेरूम नोव्हारूम' या परिपत्रकात रविवारच्या विश्रांतीची बाजू घेतली.

गिरणी निदान फाटकाबाहेर येत नसे. २०१४ साली 'स्लॅक' आले, २०१७ साली 'टीम्स', आणि कचेरी खिशात शिरली. कामाच्या वेळेनंतर निरोपांना उत्तर न देण्याचा हक्क मिळावा म्हणून खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ साली लोकसभेत खासगी विधेयक मांडले. त्याचा कायदा झाला नाही.

रविवारी रुग्णासाठी धावणारी नर्स तिसरी आज्ञा मोडत नाही. येशूनेही शब्बाथदिनी रोगी बरे केले. आमच्या अहवालावर मात्र कोणाचा जीव अडलेला नसतो.

आणि दोष साहेबांचाच का? आमच्या हाताखालीही कोणी आहे. शनिवारी रात्री काही आठवले की विसरू नये म्हणून आम्हीही त्याला लिहून टाकतो. त्याच्या घरी तेव्हा मुले जेवणासाठी खोळंबलेली असतात. निरोप सोमवारी सकाळी जावा, अशी वेळ लावून ठेवण्याची सोय त्याच ॲपमध्ये आहे.