ठिकाण सोडून सगळं

तिथीला तीनाने गुणावं आणि चाराने भागावं, की भरती पुरी होण्याची वेळ मिळते. चतुर्थीला ३ वाजता, अष्टमीला ६ वाजता, द्वादशीला ९ वाजता. पक्ष शुद्ध असो की वद्य, वेळ दिवसाची असो की रात्रीची, हिशेब तोच. तिथून साधारण सहा तासांनी ओहोटी पुरी. चंद्र रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा उगवतो, म्हणून भरतीही रोज तेवढी मागे सरकते, आणि पाऊण तास हा त्याचा तोंडी हिशेबाला सोयीचा आकडा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण कोकणच्या किनाऱ्यावर हा हिशेब आजही कामी येतो.

खाडीत गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, जाणाऱ्या माणसाला मिळते ती ही पहिली युक्ती. मला ती घरातच मिळाली, इतरांना शेजारी, होडीवाला, मासळी विकणारी बाई, कुणाकडूनही मिळते. चांगली युक्ती कशी असावी असं मला कुणी विचारलं तर मी हीच पुढे करीन. ती लहान आहे, स्वतः पडताळून बघता येते, आणि सगळ्या गावाला सांगितली तरी कुणाचं काही कमी होत नाही. गेली बरीच वर्षं मी हातात रॉड घेऊन आचऱ्यापासून कर्लीपर्यंतच्या खाड्यांच्या काठाने हिंडतो आहे. या काळात मिळालेल्या आणि दिलेल्या सगळ्या युक्त्या मी मनात याच एका कसोटीवर घासून बघतो. बऱ्याच उतरतात. काही उतरत नाहीत, आणि त्यांच्याबद्दलच मला लिहायचं आहे.

पाऊणपटीचा हिशेब खाडीच्या तोंडाशी खरा ठरतो. आत गेलं की प्रत्येक वळण आपली वेळ पाळतं. तोंडाशी सुकती, म्हणजे ओहोटी, लागलेली असते तेव्हा दोन-तीन किलोमीटर आत पाणी अजून चढत असतं. वाळूचा दांडा कुठे आडवा आहे, पात्र किती खोल आहे, कांदळवनात पाणी किती शिरतं, यावर तो उशीर ठरतो. पहिल्या पावसानंतर तर गोडं पाणी वर आणि खारं पाणी खाली, अशा दोन थरांत खाडी वाहते. वरचं पाणी समुद्राकडे निघालेलं असताना तळाचं अजून आत येत असतं. भरतीच्या तक्त्यात यातलं काहीच नसतं. पाग, म्हणजे फेकायचं जाळं, टाकून पोट भरणारे एक वृद्ध गृहस्थ, ज्यांना आम्ही सगळे आबा म्हणतो, त्यांनी मला एकदा मनगटाकडे बघताना पाहिलं. म्हणाले, “घड्याळ काय बघतस? कांदळीच्या मुळांका बघ. वली रेघ दिसाक लागली काय सुकती लागली समज.” तेव्हापासून मी मुळं बघतो. पाणी बोटभर उतरलं की मुळांवर ओला काळपट पट्टा उघडा पडतो, आणि त्या वळणापुरतं त्याहून नेमकं घड्याळ दुसरं नाही.

ही सुकती एवढी महत्त्वाची का, तेही आबांनीच सांगितलं. भरतीच्या पाण्याबरोबर बोयटांची पिल्लं, कोळंबी, बारीकसारीक सगळं कांदळीच्या मुळांत शिरतं. तिथे त्यांना खायला मिळतं आणि लपायलाही. पाणी उतरू लागलं की तिथे राहून चालत नाही. सगळ्यांना बाहेर पडावं लागतं, आणि बाहेर पडायचा रस्ता म्हणजे अरुंद व्हाळ. त्या व्हाळाच्या तोंडाशी, प्रवाहाच्या किंचित बाजूला, जिथे पाणी मंद होऊन वळसा घेतं तिथे मोठा मासा उभा असतो. त्याला पोहायचे कष्ट नाहीत, जेवण वाहत त्याच्या पुढ्यात येतं. रायगडाकडे खारबांधाच्या उघाडीपाशी, म्हणजे पाणी सोडायच्या दारापाशी, जिताडा धरतात, त्यामागेही हेच आहे. आमच्याकडे त्याच माशाला चोणाक म्हणतात. तांबोशीही तशीच दबा धरते, पण तिचा स्वभाव निराळा. चोणाक उघड्या पाण्याकडे धाव घेते आणि उसळ्या मारते. तांबोशी घास घेते आणि त्याच झेपेत मागे मुळांत शिरते. पहिल्या दोन सेकंदांत तिला तोंड फिरवू दिलं नाही तर बरं, नाही तर दोरी कालवांच्या धारेवर गेलीच म्हणून समजा.

ल्युअरने गरवणं हा याच ज्ञानाचा पुढचा टप्पा. जिवंत कोळंबी गरीला लावली की अर्धं काम कोळंबी करते. ल्युअर म्हणजे लाकूड, प्लास्टिक नाही तर रबर, त्यात जीव आपल्या मनगटाने घालावा लागतो. याची एक गोष्ट मला फार आवडते. फिनलंडमधल्या पाइयान्ने सरोवरावर लाउरी रापाला नावाचा मच्छीमार होता, पोटासाठी मासे धरणारा. मोठे मासे पिल्लांच्या थव्यावर सरसकट तुटून पडत नाहीत, जे पिल्लू जरा लंगडत, डगमगत पोहतं त्यालाच उचलतात, हे त्याने पाहून ठेवलं. १९३६ साली त्याने कॉर्क कोरून एक ल्युअर केला. चमक यावी म्हणून त्यावर चॉकलेटचा चंदेरी कागद गुंडाळला आणि फोटोच्या निगेटिव्ह वितळवून त्यांचा लेप दिला. तो ओढला की नेमका तसाच डगमगत चाले. आज जगभरचे हौशी लोक जे पेट्या भरभरून ल्युअर बाळगतात, त्यातले कितीतरी त्या एका निरीक्षणाची लेकरं-नातवंडं आहेत. निरीक्षण केलं ते पोटासाठी पाण्यावर बसणाऱ्या माणसाने, आणि मजा करतो आहोत आम्ही. हे मी विसरू शकत नाही.

आमच्या खाड्यांत ल्युअर चालवायची रीत थोडक्यात अशी. प्रवाहाच्या वरच्या अंगाला, मुळांच्या थोडं पलीकडे टाकायचा. पाण्याने त्याला वाहून आणू द्यायचं, आपण फक्त दोरीतली ढील घ्यायची. मुळांसमोर आला की दोन बारीक झटके, आणि मग थांबायचं. बहुतेक वेळा मासा घेतो तो त्या थांबण्यात. पाणी गढूळ असेल तर गडद रंगाचा, पाण्यात थरथर जाणवेल असा जाड ल्युअर वापरायचा, कारण मासा नुसता डोळ्यांनी शिकार करत नाही, अंगावरच्या पार्श्वरेषेने त्याला हालचाल कळते. दोरीच्या पुढच्या टोकाला जाड लीडर, म्हणजे मजबूत दोरीचा तुकडा, हवाच, चोणाकीच्या कल्ल्याची कड चाकूसारखी चालते. हे सगळं मी कुणालाही सांगतो, विचारलं नाही तरी सांगतो. थांबायचं ते किती, एवढं मात्र सांगून कळत नाही. ते शेजारी उभं राहून, दुसऱ्याच्या मनगटाकडे बघत शिकावं लागतं. म्हणूनच गरवणाऱ्यांनी एकमेकांबरोबर काठावर जावं असं मला वाटतं. नुसत्या बोलण्यातून अर्धीच विद्या पोचते.

आणि ही देवाणघेवाण जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११३०च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ रचला. राज्यकारभारापासून स्वयंपाकापर्यंत सगळं त्यात आहे, आणि राजाच्या करमणुकींत ‘मत्स्यविनोद’ नावाचं प्रकरणही आहे. माशांच्या जाती कोणत्या, समुद्रातल्या कोणत्या, नदीतल्या कोणत्या, कुणाला काय खायला घालावं, गळ कसा असावा, असं त्यात सांगितलं आहे. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी विसाव्या शतकात त्याचा अभ्यास केला. मला त्यातलं मोठेपण दिसतं ते असं, की स्वतःच्या सुखासाठी मिळवलेलं ज्ञान त्या राजाने लिहून सगळ्यांपुढे ठेवलं. ती माहिती त्याच्यापर्यंत पोचवणारे कोळी-भोई त्या पानांत कुठे नावाने नाहीत, हेही तितकंच खरं.

आता ‘कुठे’ या प्रश्नाकडे येतो. मासा मिळाला की सगळ्यांत आधी विचारला जातो तो हाच प्रश्न. ल्युअर कुठला, पाणी कसं होतं, हे त्याच्या मागून. पूर्वी तो काठावर दोन माणसांत विचारला जाई आणि तिथेच राही. आता माशाचा फोटो विचारण्याआधीच सांगून टाकतो. मागे पुलाचा खांब दिसतो, देवळाचा कळस दिसतो, वाकलेला एखादा माड दिसतो, आणि जाणत्याला तेवढं पुरतं. पुढच्या रविवारी त्या व्हाळाच्या तोंडाशी रांग लागते.

समुद्रात बांगड्याचा थवा येतो आणि जातो, त्याची जागा सांगून टाकली म्हणून काही बिघडत नाही. खाडीतलं ठिकाण तसं नसतं. ते एखाद्या खोलीएवढं असतं. बुडालेला एक खडक, पडलेलं एक झाड, त्यामागचा पाण्याचा वळसा, एवढंच. तिथल्या तांबोश्या बहुतेक कोवळ्या असतात. खाडी हे त्यांचं वाढायचं घर, मोठ्या झाल्या की त्या बाहेर समुद्रातल्या खडकांकडे जातात आणि अंडी तिकडे घालतात. म्हणजे कांदळीत धरलेल्या जवळजवळ प्रत्येक तांबोशीने अजून एकदाही वंश वाढवलेला नसतो. दहा रॉड एका महिन्यात असं ठिकाण रिकामं करू शकतात, आणि ते भरायला काही पावसाळे जावे लागतात.

चोणाकीचं त्याहून नाजूक आहे. ती जन्माला येते नर म्हणून, नर म्हणून काही वर्षं जगते, आणि पुढे मोठी झाली की मादी होते. त्यामुळे खूप मोठी, फोटो काढावासा वाटेल अशी चोणाक बहुधा मादी असते. पावसाळ्याच्या सुमारास ती अंडी घालायला खाडीच्या तोंडाकडे उतरते, आणि नेमकी तेव्हाच सगळ्यांना मिळते. ऑस्ट्रेलियात हाच मासा बारामुंडी नावाने हौशी लोकांचा लाडका आहे. क्वीन्सलंड राज्यात ५८ सेंटिमीटरपेक्षा लहान बारामुंडी ठेवता येत नाही आणि १२० सेंटिमीटरपेक्षा मोठीही सहसा नाही. लहान सोडायची हे कुणालाही पटतं. मोठी सोडायची हे पटायला तिचं आयुष्य माहीत असावं लागतं, आणि ते माहीत करून देणं ही माझ्या मते आमच्यातली सर्वांत मोलाची युक्ती आहे. ती ओरडून सांगावी. तीन टोकांच्या गरीऐवजी एका टोकाची गरी लावा, तिचा काटा पक्कडीने दाबून टाका. हात ओले करा. मोठा मासा जबड्याने लोंबकळत धरू नका, पोटाखाली हात द्या. फोटो काढायचाच तर एक, आणि पाण्याच्या लगत. मग त्याला प्रवाहाकडे तोंड करून धरा, तो स्वतः शेपटी मारून सुटेपर्यंत.

हे सगळं ऐकून एका तरुण मित्राने मला सरळ विचारलं, “दादा, तुम्हाला आबांनी सगळं फुकट सांगितलं, आणि तुम्ही मात्र जागा लपवता. हा कंजूषपणा नाही का?” प्रश्न रास्त होता आणि मला तो टाळायचा नव्हता. मी त्याच्याशी बराच वेळ बोललो. आबांनी मला त्यांचं एक वळण दाखवलं ते मी तिथे वर्षानुवर्षं येताना, त्यांचं जाळं पसरलेलं असलं की निमूट दूर उभा राहताना पाहिल्यावर. त्यांनी मला जागा दिली नव्हती, तिथे येऊ दिलं होतं. त्याच वळणावरच्या व्हाळात सुकती लागली की बायका कालवं फोडायला आणि तिसऱ्या काढायला उतरतात. गुडघाभर चिखलात दोन तास वाकून त्या काढतात त्याचं त्या दिवसाचं कालवण होतं किंवा बाजारात पैसे होतात. तिथे तीन टोकांची एखादी गरी तुटून चिखलात राहिली तर ती त्यांच्या तळपायात जाते. त्या वळणावरचा पहिला हक्क त्यांचा आणि पाग टाकणाऱ्यांचा आहे. ज्या जागेवर माझा हक्क नाही ती मी परस्पर कशी वाटू?

मित्राचं एवढ्याने समाधान झालं नाही, आणि त्याचा एक मुद्दा मलाही मान्य करावा लागला. जागा सांगितलीच नाही तर नवी माणसं काठावर येणार कशी? खाडीवर माया असलेली माणसं वाढली नाहीत तर कांदळ तोडणाऱ्यांना आणि वाळू उपसणाऱ्यांना अडवणार कोण? म्हणून हल्ली मी असं करतो. ‘कसं’ ते सगळं सांगतो. पाऊणपटीचा हिशेब, मुळांवरची ओली रेघ, ल्युअरचा रंग, गाठ, लीडर, मासा सोडायची रीत, काही हातचं राखत नाही. ‘कुठे’ विचारलं की त्या गावातल्या होडीवाल्याकडे पाठवतो. तो त्यांना होडीत घेईल, त्याचे पैसे घेईल, आणि त्याला योग्य वाटेल त्या वळणावर नेईल. एखाद्या माणसाला चांगल्या जागी नेऊ नये असं वाटलं तर नेणार नाही, तो त्याचा अधिकार आहे. माझा मित्र गेल्या पावसाळ्यानंतर असाच एका होडीवाल्याबरोबर जाऊ लागला. कुठे जातो ते त्याने मला सांगितलेलं नाही, आणि मीही विचारलेलं नाही.