आवृत्ती, आपत्ती आणि फेरफार

कल्पित विश्वाला भूगोल असतो आणि त्या भूगोलालाही आवृत्त्या असतात, या गोष्टीचा विचार आपल्या समीक्षेने फारसा केलेला नाही. कादंबरीतले गाव दुसऱ्या आवृत्तीत नदीपलीकडे गेले, तर आपण तो मुद्रणदोष मानतो. परंतु ज्या विश्वात वाचक वर्षानुवर्षे वावरतो, तेथे नकाशा बदलणे ही नैतिक कृती ठरते. ती कोणी केली, आणि तिचे स्पष्टीकरण कोणत्या भाषेत द्यावयाचे?

याचे ठळक उदाहरण भूमिकाखेळांच्या क्षेत्रात सापडते. एड ग्रीनवुड या कॅनेडियन लेखकाने निर्मिलेले 'फरगॉटन रिअल्म्स' हे विश्व १९८७ साली 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या खेळासाठी प्रसिद्ध झाले. २००१ साली खेळाच्या तिसऱ्या आवृत्तीबरोबर त्याचा नकाशा नव्याने आखला गेला, प्रदेश एकमेकांजवळ सरकले. कथेत त्याला कारण दिले नाही. २००८ साली मात्र चौथ्या आवृत्तीत महाआपत्ती योजली गेली. जादूची देवता मारली जाते, 'स्पेलप्लेग' उसळतो, काही देश नष्ट होतात, दुसऱ्या जगाचे तुकडे त्यांच्या जागी येऊन बसतात आणि कथा सुमारे शंभर वर्षे पुढे सरकते. २०१४च्या पाचव्या आवृत्तीपर्यंत दुसरी उलथापालथ होऊन बराचसा जुना भूगोल परत आलेला असतो.

यातील अडचण सूक्ष्म आहे. कथेच्या आत आपत्ती असण्यास कोणाची हरकत असणार? मौसलपर्वात द्वारका बुडते, पण तो कथेतला प्रसंग आहे; ती बुडाली म्हणून कोणी नवी आवृत्ती काढली नव्हती. येथे उलट आहे. नियम बदलावेत, नवा खेळाडू यावा, हा प्रकाशनसंस्थेचा निर्णय. तो कथेत उत्पात होऊन प्रकट होतो. निर्णयाला कर्ता असतो आणि त्याला जाब विचारता येतो. उत्पाताला कोण विचारणार? अंतर्गत संगती राखण्याच्या मिषाने कर्तृत्व लपविले जाते. या दृष्टीने पाहता २००१ चे मौन मला अधिक प्रामाणिक वाटते, जरी ते पुरेसे नसले तरी.

दुसरा मार्ग पुण्यातच सिद्ध झालेला आहे. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीतील सभापर्व फ्रँकलिन एजर्टन यांनी संपादिले. ते १९४४ साली पूर्ण झाले. सहदेवाच्या दक्षिणदिग्विजयात, मूळचे कोपरगावचे नीलकंठ चतुर्धर यांच्या प्रचलित पाठात, अरण्य आणि एक रम्य नगरी येते. एजर्टन यांनी विस्कटलेल्या पाठभेदांवरून तेथे अंताखी आणि रोमा, म्हणजे अँटिओक आणि रोम, ही नावे सिद्ध केली. केवढा हा भौगोलिक बदल! परंतु त्यासाठी कोणत्याही देवतेचा वध करावा लागला नाही. नाकारलेला पाठ त्याच पृष्ठावर खाली राहिला. ज्याला एजर्टन यांचे अनुमान पटत नाही, त्याच्या हाती वाद घालण्याची सामग्री त्यांनीच दिली आहे.

कोणी म्हणेल, हा ग्रंथपंडितांचा विधी, खेळाला तो कसा लागू व्हावा? म्हणून पिंपरी-चिंचवड आणि चाकणकडे पाहावे. १९५४ साली पिंपरीत पेनिसिलिनचा सरकारी कारखाना स्थापन झाला; १९७० साली नगरपालिका झाली, १९७२ साली नवनगर विकास प्राधिकरण आले, १९८२ साली महानगरपालिका आली. १९९७ साली मोशी, चिखली, तळवडे आदी गावे हद्दीत घेतली गेली. पुढे निघोजे, महाळुंगे, खराबवाडीच्या शिवारांत चाकणचे औद्योगिक टप्पे पडले. या पट्ट्यात जमिनीबद्दल बोलताना क्रियापद कोणते वापरतात? 'जमीन एमआयडीसीत गेली.' कारखाने 'आले', विकास 'झाला'. ज्याची जमीन घेतली गेली तोही असेच बोलतो. संपादन हा सक्त कर्तरी व्यवहार. बोलण्यात त्याचे आपोआप घडणे होते. स्पेलप्लेगचे व्याकरण हेच आहे.

आणि तरी याच शिवारात तलाठ्याची फेरफार नोंदवही आहे, गाव नमुना सहा. सातबाऱ्यावरचे जुने नाव खोडून टाकीत नसत, त्याला कंस करीत. शेजारी वर्तुळात फेरफाराचा क्रमांक. तो क्रमांक धरून गेले की कोणत्या आदेशाने, कोणत्या तारखेस, कोणाच्या नावावरून कोणाच्या नावावर, हे सापडते. नोंद प्रमाणित होण्यापूर्वी संबंधितांना नोटीस देऊन हरकतीला मुदत द्यावी लागते. (व्यवहारात ती कितपत मिळते हे शेतकऱ्यास विचारावे.) एजर्टन यांची तळटीप आणि तलाठ्याचा कंस एकाच जातीचे आहेत.

अर्थात फेरफार सर्व सांगत नाही. मोबदला न्याय्य होता काय, बांधावर काय होते, याला तेथे रकाना नाही. त्यासाठी कथा लागते. खेळाडूच्या पात्रालाही आपला देश का बुडाला हे त्याच्या जगाच्याच भाषेत कळले पाहिजे, कारण त्या पात्राला प्रकाशक ठाऊक नसतो. माझी मागणी कथा काढून टाकण्याची नाही. आपत्तीची कथा छापताना शेजारी कंस असावा: जुना नकाशा, बदलाचे वर्ष, निर्णय करणाऱ्यांची नावे, आणि हरकत कोठे नोंदवावी ते.