गाणाऱ्याचे अन्न

देवासाठी गाणाऱ्याने त्या गाण्यावर पोट भरावे का, हा भक्तिपरंपरेतला जुना प्रश्न आहे. तुकारामांचा दंडक कडक होता: ज्या गावी कीर्तन केले तिथले जेवणही कीर्तनकाराने घेऊ नये, मग बिदागी दूरच. कावेरीकाठच्या तिरुवैयारु गावी कर्नाटक संगीतातले रचनाकार त्यागराज यांनी (1767–1847) याच प्रश्नाचे निराळे उत्तर दिले.

तंजावर तिथून सुमारे 13 किलोमीटर. गादीवर मराठे होते. 1799 मध्ये राज्यकारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला, तरी सरफोजी दुसरे यांच्या दरबारात विद्येची आणि कलेची कदर होती. गवयाला तिथे मान होता, वर्षासन होते. परंपरा सांगते की दरबाराचे बोलावणे आणि नजराणा त्यागराजांनी परतवला. कल्याणी रागातली ‘निधि चाल सुखमा’ ही कृती याच प्रसंगाशी जोडली जाते. त्यांना वावडे होते ते नरस्तुतीचे. दरबारी अन्न खाल्ले की आज ना उद्या राजाचे गुण गावे लागणार, हे उघडच होते.

त्यांनी स्वीकारली ती उंछवृत्ती. या शब्दाचा मूळ अर्थ कापणीनंतर शेतात पडलेले दाणे वेचून जगणे. दक्षिणेतल्या भागवतांनी त्याला गाण्याचे रूप दिले: खांद्याला धातूचे भांडे, हाती तंबोरा, मुखी नाम, आणि गल्लीगल्लीतून फेरी. दारी आलेली गृहिणी मूठ-पसा तांदूळ भांड्यात घाली. त्या दिवसापुरते जमले की पुरे. आपल्याकडच्या माधुकरीशी तिचे जवळचे नाते आहे. दाते अनेक आणि दान थोडे असल्यामुळे कोणा एकाची मर्जी राखायची गरज उरत नाही. एका सावकाराचे मोठे ऋण टाळून सगळ्या गावाचे हलके ऋण घेतल्यासारखे हे आहे. त्यागराजांच्या आज उपलब्ध असलेल्या सुमारे 700 कृतींत राम केंद्रस्थानी राहिला, त्यामागे ही व्यवस्थाही होती असे मानता येते.

मात्र यावरून कमाईलाच मळ मानणे चूक ठरेल. त्यागराजांच्या कृती पुढे जगल्या त्या शिष्यांमुळे आणि व्यावसायिक गायकांमुळेही. त्यांच्या समाधीची देखणी वास्तू 1920 च्या दशकात उभी राहिली ती बेंगळूर नागरत्नम्मा (1878–1952) यांच्या पैशातून. त्या देवदासी कुळातल्या. मैफलींवर मिळवलेली संपत्ती आणि अंगावरचे दागिने त्यांनी या कामी घातले. तरीही समाधीपाशी दरवर्षी होणाऱ्या त्यागराजांच्या आराधनेत बायकांना गायला मज्जाव होता, म्हणून त्यांनी स्त्रियांची वेगळी आराधना सुरू केली. 1940 च्या सुमारास आराधना करणारे वेगवेगळे गट एकत्र आले आणि तो मज्जाव सुटला. ज्यांचे पैसे चालतात त्यांचा आवाज चालत नाही, या भूमिकेला भक्तिशास्त्रात कुठेही आधार सापडत नाही; तो निव्वळ अन्याय होता.

पश्चिम आफ्रिकेतल्या मालीमध्ये हाच पेच उलट्या बाजूने दिसतो. तिथल्या मांदे समाजात गाणे हा ‘जेली’ या वंशपरंपरागत गायकांचा धर्म, आणि आश्रयदात्याची स्तुती करून दान घेणे हा त्यांचा हक्क. सम्राट सुंदियाता केइता यांच्या वंशातल्या सालिफ केइता यांनी गाणे पत्करले तेव्हा घरचा रोष ओढवला, कारण राजकुळातल्याने गाऊ नये असा संकेत. तरी ते गायले. 1970 च्या आसपास बामाकोच्या रेल बँडमधून सुरू झालेली त्यांची कारकीर्द पुढे कित्येक दशके चालली. तिथे स्तुती पाप नाही, इथे आहे. पण कोणी गावे आणि कोणाच्या जिवावर, हे दोन्हीकडे समाजच ठरवू पाहतो.

तिरुवैयारुची आराधना पौष वद्य पंचमीला होते. सकाळी उंछवृत्तीची फेरी निघते, मग नाट, गौळ, आरभी, वराळी आणि श्री या रागांतल्या पंचरत्न कृती शेकडो कंठांतून एकत्र उठतात. चेन्नईच्या संगीतसभांमध्ये भरघोस मानधन घेणारे विद्वान इथे काही न घेता गातात. वर्षभराच्या कमाईला ते त्यामुळे कमी लेखत नाहीत. समाधीसमोर कोणताही यजमान नसतो, एवढाच या रिवाजाचा अर्थ आहे.