पेटीतली घोंगडी



चाळीस वर्षे मी कीर्तनाला उभा राहिलो. त्या चाळीस वर्षांत भूतदयेवर किती निरूपणे केली, त्याची मोजदाद नाही. नाथमहाराजांनी रामेश्वराला न्यायची गंगेची कावड तहानलेल्या गाढवाच्या तोंडी रिकामी केली, हा दृष्टांत सांगताना माझेही डोळे भरून येत आणि समोरच्या मायबहिणींचेही. आता गुडघे थकले, उभे राहणे संपले. पूर्ण्याच्या घरात बसून असतो. गेल्या वर्षी त्याच भूतदयेने माझी परीक्षा घेतली, आणि परीक्षक कोण? मोहरीएवढा एक किडा. हसू नका.

होळी झाल्यावरची गोष्ट. पुतण्याचा मुलगा पहिल्यांदाच पायी वारीला निघणार होता. म्हणाला, "आजोबा, एखादी घोंगडी असली तर द्या." माझ्या वडिलांची घोंगडी होती. काळी, जाड, धनगरी विणीची, कितीतरी आषाढ्यांचा पाऊस प्यालेली. वारी सुटली तेव्हा मी ती पत्र्याच्या पेटीत ठेवली होती, शेजारी माझे कीर्तनातले रेशमी उपरणे आणि वडिलांचा पखवाज. डांबराच्या चार गोळ्या टाकल्या, कुलूप लावले, वर गाद्या रचल्या. सहा वर्षे झाली असतील. त्या दिवशी पेटी उघडली तर गोळ्या कधीच उडून गेलेल्या. घोंगडी उलगडली तर तिच्यातून पलीकडचे दिसत होते. तळाशी बारीक भुसा, आणि त्यात तपकिरी, केसाळ, तांदळाच्या दाण्याहून लहान अळ्या. कित्येक नुसत्या कातीच होत्या, आतला जीव पुढे निघून गेलेला.

आमच्याकडे कापड खाणाऱ्या सगळ्यालाच कसर म्हणतात. मीही म्हणालो, कसर लागली. मग घरात बघू लागलो तर खिडकीच्या कडेला ठिपक्याठिपक्यांचे बारीक गोल किडे, कपाटाच्या फटीत अळ्या, पलंगाखाली अळ्या. नातवाच्या मानेवर पुरळ उठले होते, ते घामोळे समजून आम्ही पावडर लावत होतो. डॉक्टर म्हणाले, या अळ्यांचे केस अंगाला लागले तरी काहींना अशी खाज सुटते. सूनबाई माझ्याशी कधी चढ्या आवाजात बोलत नाही. त्या दिवशी म्हणाली, "बाबा, तुमचं कीर्तन मला मान्य आहे, पण आज मी फवारणीवाल्याला फोन करते आहे."

मी होय म्हणालो नाही आणि नाहीही म्हणालो नाही. माउली, इथे माझे पाऊल घसरले, पण ते मला नंतर कळले.

आमच्या गावात फवारणीची माणसे नवीन नाहीत. माझ्या लहानपणी जिथे भाताची खाचरे होती तिथे आता पूर्णा, राहनाळ, कशेळी, काल्हेर असे सगळीकडे गोदामच गोदाम. देशभरचा माल इथे उतरतो आणि मालाबरोबर त्याचे किडेही उतरत असतील. एक तरुण मुलगा पाठीवर टाकी बांधून आला. तो आल्याबरोबर मी काठी घेतली आणि देवळात जाऊन बसलो. दोन तास जप केला. जपात लक्ष नव्हते हे सांगायला नको. परत आलो तेव्हा तो दारात हात धूत होता. मला पाहून नमस्कार केला आणि सहज विचारले, "महाराज, तुम्हाला पाप लागू नये म्हणून बाहेर गेला होता ना? पुष्कळ जण जातात."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणूनच ते जास्त लागले. मी काय उत्तर दिले ते आठवत नाही. पैसे दिले, चहा दिला.

आळंदीला शिकत असताना स्मृतिग्रंथांतले एक वचन पाठ केले होते. मांसाच्या प्रकरणात घातक कोण, तर केवळ मारणारा नव्हे. अनुमती देणारा, तुकडे करणारा, विकत घेणारा, विकणारा, शिजवणारा, वाढणारा, खाणारा, सगळे घातक. परीक्षेत मी ते धडाधड म्हणून दाखवले होते. पन्नास वर्षांनी त्यातला पहिलाच शब्द माझ्यासमोर उभा राहिला. अनुमती देणारा. आणि मी तर अनुमती उघड दिलीसुद्धा नव्हती. गप्प राहून दिली, आणि वर देवळाचा आडोसा घेतला.

दीड महिन्याने अळ्या परत आल्या.

आता पूर्वपक्ष मांडतो. आमच्या फडातले एक जुने स्नेही म्हणाले, "बुवा, किड्याचा कसला विचार करता? ज्वारीला टोके लागले की आपण ऊन देतोच ना? संसारी माणसाला एवढे चालते." दुसरे एक साधक, वृत्तीने फार कोवळे, म्हणाले, "मारू नका. वस्तू जातील तर जाऊ द्या. तुकोबांनी राखणीला बसून पाखरांना शेत खाऊ दिले." दोघांचेही ऐकले. पहिल्यांच्या बोलण्यात जीव लहान म्हणून त्याची किंमत लहान, असे गृहीत धरले आहे. हे मला मानवत नाही; चैतन्य वजनावर मोजता येत नाही. दुसऱ्यांचे बोलणे गोड आहे, पण वस्तू जाऊ देणे माझ्या हातात आहे, नातवाची मान जाऊ देणे माझ्या हातात नाही. शिवाय तुकोबांनी पाखरांना दाणे खाऊ दिले ते डोळ्यांसमोर. मी पेटी बंद करून सहा वर्षे विसरलो, याला दया म्हणत नाहीत.

महाभारताच्या वनपर्वात धर्मव्याधाची कथा आहे. कौशिक नावाचा तपस्वी झाडाखाली बसला असता वर बसलेल्या बगळीने त्याच्यावर विष्ठा टाकली. त्याने रागाने पाहिले आणि ती मरून पडली. पुढे एका गृहिणीने त्याला मिथिलेला एका मांस विकणाऱ्याकडे धर्म शिकायला पाठवले. तो व्याध म्हणतो, मी स्वतः मारत नाही, दुसऱ्यांनी मारलेले विकतो. पण एवढे सांगून तो आपले हात निर्मळ आहेत असे म्हणत नाही. उलट सांगतो की नांगर चालला की भुईतले असंख्य जीव मरतात, माणूस चालला की पायाखाली मरतात, धान्याच्या दाण्यातही जीव आहे. या जगात अजिबात हिंसा न करणारा कोण आहे, असे तो त्या तपस्व्यालाच विचारतो. ही कथा मी कीर्तनात सांगितली आहे. सांगताना मी नेहमी व्याधाच्या बाजूने उभा असे. गेल्या वर्षी कळले की आपण कौशिकाच्या जागी आहोत.

आणि घरातच पाहायचे तर पंचसूना आहेत. गृहस्थाच्या घरी हिंसेची पाच ठिकाणे सांगितली: चूल, जाते, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा माठ. म्हणून त्याला रोज पंचमहायज्ञ लावून दिले. केरसुणीचे नाव त्यात आहे, हे लक्षात घ्या. शास्त्रकारांनी गृहस्थाला केर काढू नको असे सांगितले नाही. केर काढ म्हणाले, पण त्यात जीव जातात हे विसरू नकोस म्हणाले. आमच्या मातोश्री केर काढताना मुंग्यांची रांग दिसली की थांबायच्या, पिठाची चिमूट बाजूला टाकायच्या, रांग वळली की मग पुढे झाडायच्या. त्यांना एकही श्लोक येत नव्हता.

माझ्या मेहुण्याचा मुलगा शेतकी शाळेत शिकवतो. त्याला बोलावले. त्याने भिंग घेऊन पाहिले आणि म्हणाला, "मामा, ही कागद खाणारी कसर नाही. हा वेगळा. याला इंग्रजीत कार्पेट बीटल म्हणतात. मोठा झालेला किडा फुलांवर जातो, पराग खातो, तुमच्या कापडाला तोंडही लावत नाही. खाते ती अळी. तीही काय खाते? लोकर, रेशीम, पिसे, केस, कातडे, मेलेले किडे. स्वच्छ सुती कापड तिला नको असते."

हे ऐकून मी बराच वेळ बोललो नाही. पेटीत काय होते? घोंगडी मेंढीच्या लोकरीची. पखवाजाची पुडी बकऱ्याच्या कातड्याची. रेशमी उपरणे तर कोश उकळून काढलेल्या धाग्याचे, आणि कोशाबरोबर आतला जीव उकळतो हे मला माहीत होते, कुणाला माहीत नाही? ते उपरणे खांद्यावर टाकून मी भूतदयेवर बोललो. त्या पखवाजाच्या साथीवर बोललो. माझ्या गळ्याइतकीच त्या बकऱ्याच्या कातड्याने माझी कीर्तने उभी केली. अळी तिच्या वाट्याचे खात होती. तिने एकही जीव मारला नव्हता. हिशेबाला बसलो तर त्या पेटीत तिच्यापेक्षा माझे देणे जास्त निघत होते.

पखवाज टाकून द्यावा असे मी म्हणत नाही. वारकऱ्याने पखवाज टाकला तर उरले काय? पण आपल्या भजनालाही कुणाच्या तरी अंगाचे मोल पडले आहे, हे एवढ्या वर्षांत मी एकदाही मनाशी म्हटले नव्हते.

भाच्याने मग विचारले, घरात कुठे पक्ष्याचे घरटे आहे का? होते. पोटमाळ्याच्या झरोक्यात पारव्यांनी घर केले होते. आमच्या मंडळींनी त्यांना कोणाला हुसकू दिले नाही. पिल्ले मोठी होऊन उडाली याचा आम्हाला केवढा आनंद. पण नंतर ते रिकामे घरटे कोणी काढले नाही. पिसे, विष्ठा, एक मेलेले पिल्लू, सगळे तिथेच. भाचा म्हणाला, हे मूळ. इथून पेटीपर्यंत वाट सरळ आहे. फवारा वरवर मारून इथे काही होत नाही. झाडायचे, वेचायचे, ऊन द्यायचे, आणि थोडे थोडे दिवस गेले की पुन्हा तेच. अंडी राहून जातात.

म्हणजे दया केली तीही अर्धी. पिल्लांपुरती केली, पिल्ले उडाल्यावर जबाबदारीही उडाली असे धरले.

मग कामाला लागलो. या वेळी मी देवळात गेलो नाही. घरटे मुलाने उतरवले, कारण शिडी मला जमत नाही. बाकी सगळे माझ्या हाताने. पेटीखाली, पलंगाखाली, कपाटाच्या प्रत्येक फटीत बारीक कुंचा फिरवला. घोंगडीत जेवढे शाबूत होते तेवढे झटकले, काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधून वैशाखाच्या उन्हात गच्चीवर ठेवले. आतली उष्णता हात भाजेल एवढी होते आणि त्यात अळी-अंडे काही टिकत नाही. उपरण्याचा रंग उन्हाने गेला असता, म्हणून ते पिशवीत घालून तीन आठवडे फ्रीजरमध्ये. वस्तुसंग्रहालयांतही असे करतात म्हणे. नातू विचारी, "आजोबांचं उपरणं आईस्क्रीमशेजारी का?" पखवाजाच्या पुड्या नव्या बसवायला दिल्या.

ऊन देणे म्हणजे मारणेच आहे. मी त्याला दुसरे नाव देत नाही. सूनबाईने एकदा समजूत घातली, "बाबा, नाम घेत घेत झाडा, म्हणजे दोष नाही." मी नाम घेतले, पण त्यासाठी नाही. नामाच्या बळावर पाप करणे हा दहा नामापराधांतला एक. नामाचा साबण करून हात धुवायचे असतील तर तो देवळातला आडोसाच झाला, फक्त घरातल्या घरात. मारताना हात कापला, तो कापू दिला. काही अळ्या कागदावर उचलून कुंपणापलीकडे टाकल्या. त्या तिथे जगल्या की चिमण्यांनी खाल्ल्या, माहीत नाही.

घोंगडी निम्मीच उरली. पुतण्याच्या मुलासाठी बाजारातून नवी आणली. तो तीच घेऊन पंढरीला जाऊन आला. वडिलांच्या घोंगडीचा फाटका भाग मंडळींनी कापून काढला आणि कडा शिवल्या. ती आता पेटीत नाही. पहाटे हरिपाठाला बसतो तेव्हा पाठीवर असते, दुपारी नातू तिच्यावर लोळतो, त्याला आता पुरळ नाही. आठवड्याला एकदा ती दोरीवर पडते. पेटी उघडी असते.

कार्तिकीच्या आदल्या दिवशी कपाटाच्या कोपऱ्यात पुन्हा एक सापडली, जिवंत. सूनबाईने हाक मारली, "बाबा, मी बघू का?" म्हटले, नको, मी येतो, आणि कुंचा घेऊन खाली बसलो.