किल्लीसोबत शब्दही सोपवा



हज किंवा उमराचा प्रवास ठरला की आपल्या घरी दुआंची उजळणी होते, देणी फेडली जातात, आप्तांची माफी मागितली जाते. निघण्याच्या अखेरच्या क्षणी किल्ली शेजाऱ्याच्या हाती ठेवून आपण म्हणतो, "घर तुमचेच समजा." या तीन शब्दांत किती सत्य असते, याचा विचार आज करू या.

काही वर्षांपूर्वी आम्ही दोंडाईच्याहून उमरासाठी निघालो. रेल्वे स्थानक गाठण्याची घाई होती. शेजारच्या मावशींना आम्ही रात्री घरात झोपण्याची आणि झाडांना पाणी घालण्याची विनंती केली व तेच तीन शब्द उच्चारले. परतल्यावर कळले, की मावशी पिण्याचे पाणी रोज आपल्या घरून आणत. उकाडा असूनही त्यांनी पंखा लावला नव्हता. अवकाळी पावसात गच्चीवरच्या खोलीची खिडकी उघडून वर्षभराची लाल मिरची भिजली. पाणी झिरपताना त्यांना दिसले होते. पण बंद खोली त्यांनी उघडली नाही आणि फोनही केला नाही. त्या म्हणाल्या, "भाऊ, घर तुमचंच असं सगळेच म्हणतात. खरंच उघडायचं की नाही, ते कसं कळावं? आणि तुम्ही अल्लाहच्या घरी गेलेले; मिरचीसाठी फोन कसा करायचा?"

त्या उत्तराने मला सूरह अन्-नूरच्या ६१ व्या आयतीची आठवण झाली. ज्या घरांत जेवण्यास हरकत नाही, त्यांत आई-वडील, भाऊ-बहीण, काका-मामा यांच्या घरांबरोबर त्या घरांचाही उल्लेख आहे, ज्यांच्या किल्ल्या तुमच्या ताब्यात आहेत. भाष्यकार हजरत आयेशा (रजि.) यांच्या हवाल्याने तिची पार्श्वभूमी सांगतात. प्रेषितांसोबत (स.) मोहिमेवर जाणारे सहाबा आपल्या घरांच्या किल्ल्या मागे राहणाऱ्यांकडे देत आणि घरातले खाण्याची परवानगीही देत. पण हे लोक संकोच करीत. ही परवानगी मनापासून असेल का, अशी शंका त्यांना वाटे. अल्लाहने त्यांचा हा संकोच दूर केला. मदीनेच्या त्या निःस्पृह माणसांची आणि आमच्या मावशींची अडचण एकच होती!

यातून दोन्ही पक्षांची कर्तव्ये स्पष्ट होतात. घरमालकाने मोघम सौजन्यावर थांबू नये. कोणत्या खोल्या वापराव्यात, स्वयंपाकघरातले काय घ्यावे, नळाला पाणी कधी येते, कोणते कपाट खासगी आहे, कोणत्या प्रसंगी निःसंकोच फोन करावा, हे नेमके सांगावे. जो आपले घर सांभाळतो, तो आपला नोकर नव्हे. तो आपल्या अनुपस्थितीतला आपला पाहुणा आहे. त्याचा पाहुणचार आपण निघण्यापूर्वीच करून ठेवायचा असतो.

राखणदाराने परवानगीची मर्यादा ओलांडू नये, घरातली गुपिते बाहेर नेऊ नयेत आणि झालेले नुकसान लपवू नये. हिजरतीच्या वेळी, इ. स. ६२२ मध्ये, प्रेषितांनी (स.) हजरत अली (रजि.) यांना मक्केत मागे ठेवले, ते लोकांच्या ठेवी परत करण्यासाठी. त्या ठेवी बहुतांशी विरोधकांच्याच होत्या. अमानत धर्म पाहून सांभाळली जात नाही; आमच्या मावशीही आपल्या धर्माच्या नाहीत. पुढे हिजरी सन ८ मध्ये मक्का जिंकल्यावर काबागृहाची किल्ली प्रेषितांच्या (स.) हाती आली. इतरांनी ती मागितली असतानाही त्यांनी ती हजरत उस्मान बिन तलहा (रजि.) यांनाच परत केली. अमानती त्यांच्या हक्कदारांना पोहोचवण्याची आज्ञा देणारी सूरह अन्-निसाची ५८ वी आयत भाष्यकार याच प्रसंगाशी जोडतात. ती किल्ली आजही त्याच घराण्याकडे आहे.

आणि नुकसान झालेच तर? फिकहचा नियम असा, की अमानतदाराने हलगर्जी किंवा आगळीक केली नसेल, तर भरपाई त्याच्यावर येत नाही. मावशींनी दोन्ही केले नव्हते. त्या विचारू शकल्या असत्या, हे खरे. पण विचारण्याचे दार आम्हीच उघडे ठेवले नव्हते. तरीही भिजलेली मिरची पाहताच माझ्या कपाळावर आठी आली होती, आणि ती त्यांना दिसली होती. मिरची पुन्हा विकत मिळाली. त्या आठीची माफी मात्र मला त्यांच्या दारात जाऊन मागावी लागली.

म्हणून पुढच्या वेळी किल्ली देताना पाच मिनिटे बसा. घर दाखवा, नेमके सांगा, आणि त्यांच्या शंका ऐका. अल्लाह आपल्याला अमानत सोपवण्याची आणि सांभाळण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.