पानिपतात समुद्र मांडताना

चि. भाचेबुवांस,


सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच टाकी, तीत खारं पाणी, प्रवाळ, रंगीत मासे आणि हे सगळं पानिपतला, तुमच्या दिवाणखान्यात! बेत वाचून मला मनापासून आनंद झाला. तुझ्या आईचा फोन आधीच येऊन गेला होता. मी तुझं मन वळवावं अशी तिची इच्छा आहे. ते मी करणार नाही. या वयात एखाद्या गोष्टीने माणसाला झपाटलं तर त्याला तिची नीट माहिती द्यावी, हे मोठ्यांचं काम. मात्र तुझ्या प्रश्नांत मासे आहेत, दिवे आहेत, प्रवाळांचे रंग आहेत. पाण्याबद्दल एकच ओळ आहे, तीही "मीठ घालून बनवता येतं ना?" अशी. म्हणून मी पाण्यापासून सुरुवात करतो आणि बराच वेळ तिथेच थांबणार आहे.

या प्रश्नाचं उत्तर तुझ्याच हरियाणात मिळतं. रोहतक, हिसार, सिरसा या जिल्ह्यांत कितीतरी ठिकाणी जमिनीखालचं पाणी इतकं खारट आहे की त्यावर पीक येत नाही. आपल्या वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्यिकी शिक्षण संस्थेचं एक केंद्र रोहतकजवळ लाहलीला आहे. त्या केंद्राने या खाऱ्या भूजलात कोळंबी वाढवून दाखवली, आणि आता समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेले शेतकरीही तळी खणून व्हनामी कोळंबी काढतात. पण बोअरचं खारं पाणी तळ्यात सोडलं आणि कोळंबी जगली, असं झालं नाही. या पाण्यात कॅल्शियम भरपूर असतं आणि पोटॅशियम फारच थोडं. समुद्राच्या एका लिटरमध्ये पोटॅशियम सुमारे ३९० मिलिग्रॅम असतं. ते कमी पडलं की कोळंबी मलूल होते आणि मरते, मग पाणी जिभेला कितीही खारट लागो. म्हणून तळ्यात पोटॅश मोजून घालावं लागतं, शेतात खत म्हणून घालतात तेच. समुद्र म्हणजे क्षारांचं एक ठरलेलं प्रमाण आहे. सोडियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, सल्फेट या सगळ्यांचा आपसातला हिशोब जगभर कुठल्याही महासागरात जवळजवळ तोच राहतो. तुला पानिपतात तो हिशोब उभा करायचा आहे आणि मग तो रोज सांभाळायचा आहे. मासे हा त्यानंतरचा विषय.

त्यामुळे स्वयंपाकघरातलं मीठ चालणार नाही, घरचं खारं बोअरही चालणार नाही. रीफ सॉल्ट म्हणून मिळणारं तयार मिश्रण घ्यावं लागेल. तुझी टाकी काठोकाठ भरली तर साधारण ६८० लिटर होते. लिटरला ३५ ग्रॅम क्षार धरले तर पहिल्याच भरणीला चोवीस किलो सॉल्ट लागेल, आणि नंतर पंधरवड्याला दहावा हिस्सा पाणी बदलताना दर वेळी अडीच किलो. त्याआधी गोडं पाणी शुद्ध हवं. तुमच्याकडच्या भूजलात कडकपणा आहे, नायट्रेट असू शकतं, आणि रंगाई-धुलाईच्या कारखान्यांचं शहर असल्यामुळे आणखी काय काय असू शकतं. घरच्या प्यायच्या आरओमधून आलेलं पाणी तुला चांगलं आहे, प्रवाळाला नाही. आरओच्या पुढे उरलेले क्षार शोषणाऱ्या डीआय रेझिनचं भांडं लावायचं आणि टीडीएस मीटरवर शून्य दिसल्यावरच ते पाणी घ्यायचं. आरओमधून वाया जाणारं पाणी खूप असतं, घेतलेल्या प्रत्येक लिटरमागे तीन-चार लिटर. ते बादल्यांत धरून फरशी पुसायला, गाडी धुवायला वापरा. पानिपतात पाणी किती खोल गेलंय हे तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. आणि टाकीतून काढलेलं खारं पाणी बागेत ओतू नकोस. तासाभराच्या अंतरावर करनालला १९६९ पासून एक अख्खी राष्ट्रीय संस्था खारावलेली जमीन सुधारण्याच्या कामाला वाहिलेली आहे. एकदा बिघडलेली माती ताळ्यावर आणणं किती जिकिरीचं, ते तिथे जाऊन बघ.

खारेपणा मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घे, तरंगणारा स्वस्त हायड्रोमीटर नको. त्याच्या तिरक्या काचेवर ड्रॉपरने पाण्याचे दोन थेंब सोडायचे, वरची झडप हळू मिटायची, आत बुडबुडा राहिला नाही ना ते पाहायचं, आणि खिडकीकडे धरून डोळा लावायचा. वर निळं, खाली पांढरं दिसतं. दोन्हींच्या सीमेवरची रेघ ३५ वर टेकली पाहिजे. यंत्र लावून घेताना साध्या पाण्याने लावू नकोस, ३५ च्या प्रमाणित द्रावणाने लाव. नाहीतर शून्याजवळ ते खरं बोलतं आणि पस्तिशीजवळ चुकतं.

आता तुमचा उन्हाळा. मे-जूनमध्ये बाहेर ४४-४५ अंश, लू वाहते, आणि तुझ्या टाकीला हवेत २५-२६ अंश. समुद्रात उन्हाळ्याच्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा एखादाच अंश जास्त उष्णता काही आठवडे टिकली तरी प्रवाळ आपल्या पेशींतली शैवालं बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. त्याचं बहुतेक अन्न त्या शैवालांकडून येतं, त्यामुळे नंतर तो उपाशी मरतो. १९९८ मध्ये लक्षद्वीपची प्रवाळबेटं अशी पांढरी पडली होती, आणि एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी जगभरातलं चौथं मोठं विरंजन जाहीर केलं. महासागराला जे झेपत नाही ते ६८० लिटरला झेपणार नाही. पाण्यावर पंखा लावून ते थंड करता येतं, कोरड्या लूमध्ये तर छान करता येतं. पण जुलैत हवा दमट झाली की पंखा निकामी ठरतो. त्यामुळे चिलरचे पैसे पहिल्याच अंदाजपत्रकात धर. ते जमत नसेल तर टाकी लहान कर, चिलर गाळू नकोस.

पंख्याचा आणखी एक परिणाम असतो. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. तुझ्या टाकीतून रोज दहा लिटर उडालं आणि आठवडाभर तू लक्ष दिलं नाहीस, तर ३५ चं प्रमाण ३९ वर जाईल. उडालेल्या पाण्याची भरपाई नेहमी गोड्या, डीआयच्या पाण्याने करायची, खाऱ्याने कधीच नाही. फ्लोट लावून आपोआप भरणारी ऑटो टॉप-अप मिळते. ती चैन समजू नकोस, ती गरज आहे.

हिवाळ्यात उलटं. धुक्याचे दिवस, खोलीत बारा-तेरा अंश, म्हणून हीटर. एक मोठा घेण्यापेक्षा दोन मध्यम घे. एक बंद पडला तर दुसरा रात्र निभावतो, आणि एक चालूच्या चालू अडकला तरी एकटा सगळं पाणी तापवू शकत नाही. दारं-खिडक्या मिटलेल्या घरात माणसांच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पाण्याचा पीएच खाली येतो. पाण्यातली घाण फेसावर काढणारा स्किमर हवा ओढतो, त्याची नळी बाहेर काढली तर हा प्रश्न सुटतो. पण नोव्हेंबरात शेतांतली पराली, म्हणजे भाताचे खुंट, जळत असताना बाहेरच्या हवेत काय असतं, ते तुला सांगायला नको. त्या आठवड्यांत नळी आत घे आणि हवा कार्बन डायऑक्साइड शोषणाऱ्या सोडा लाइमच्या डबीतून ने.

वीज गेली तर आधी काय मरतं, असं तू विचारलंस. आधी संपतो प्राणवायू. कोमट, खाऱ्या पाण्यात तो मुळातच कमी विरघळतो. भरलेल्या टाकीत पाणी हलायचं थांबलं की काही तासांत मासे वर येऊन तोंडं उघडझाप करू लागतात. इन्व्हर्टरवर चिलर चालणार नाही, पण एक डीसी पंप रात्रभर चालेल. तेवढं पुरतं.

वजनाचं मात्र आजच ठरव. पाणी ७०० किलो, बारा मिलिमीटरची काच सव्वाशे, खडक पन्नास-साठ, स्टँड वेगळा. म्हणजे टन गाठायला थोडंच कमी, आणि तेही बारा चौरस फुटांवर. घरांचे स्लॅब आपल्याकडे चौरस मीटरला २०० किलो वापरभार धरून बांधतात. तू त्या जागेवर चौपट ठेवणार आहेस. तळमजला असेल तर चिंता कमी. वरचा मजला असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलावून बीम कुठून जातो ते दाखवून घे. "काही होत नाही" असं म्हणणाऱ्या मिस्त्रीचं ऐकू नकोस.

पाणी भरलं, खडक मांडले, पंप सुरू झाला की लगेच मासे आणावेसे वाटतील. चार ते सहा आठवडे टाकी रिकामी ठेव. रिकामी दिसते, पण खरं काम तेव्हाच चालतं. बाटलीतला अमोनियम क्लोराइड थोडा थोडा घाल आणि दर दोन दिवसांनी चाचणी कर. काचेच्या बारक्या कुपीत पाणी, त्यात थेंब, पाच मिनिटं थांबायचं. पिवळा रंग म्हणजे अमोनिया नाही, हिरवा म्हणजे आहे. आधी हिरवा गडद होत जाईल. मग जिवाणूंची एक जात अमोनियाचं नायट्राइट करू लागेल, दुसरी नायट्राइटचं नायट्रेट. एके दिवशी तू संध्याकाळी अमोनिया घालशील आणि दुसऱ्या संध्याकाळी कुपी पिवळीच राहील, नायट्राइटही शून्य येईल. तेव्हा टाकी जिवंत झाली असं समज. मध्येच काचांवर तपकिरी साय धरेल, तिच्यामागून हिरवं केसाळ शेवाळ येईल. सगळ्यांच्या टाकीत येतं. घाबरून औषधं ओतू नकोस. तांब्याचं औषध तर या टाकीत कधीच नको. माशांना ते चालतं, कोळंबी, गोगलगायी आणि प्रवाळ त्याने मरतात.

आता प्रवाळ. इथे मी थोडा कडक होणार आहे.

तू पाठवलेल्या फोटोंमधले बहुतेक प्रवाळ कठीण सांगाड्याचे, म्हणजे खडक बांधणारे आहेत. जुलै २००१ पासून आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत ते सगळेच्या सगळे आहेत, वाघ आहे त्याच अनुसूचीत. काळे प्रवाळ, समुद्रपंखे, समुद्री घोडे, समुद्री काकड्याही त्यात आल्या. ते पकडणं, विकणं, जवळ बाळगणं याला तीन ते सात वर्षं कैद आहे. दिल्लीच्या बाजारात कुणी "इम्पोर्टेड आहे" म्हणून हातात दिलं तर परवान्याचे कागद माग. नसतील तर दुकानातून बाहेर पड. लाइव्ह रॉक म्हणून समुद्रातून तोडलेले खडकही नकोत. सच्छिद्र सिरॅमिकचे खडक मिळतात, त्यांवर जिवाणू तितकेच नीट बसतात.

कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं. मालवणला सिंधुदुर्गाच्या आसपास उथळ पाण्यात पोराइट्स नावाचा गोलसर प्रवाळ आहे. असा प्रवाळ वर्षाला साधारण एक सेंटीमीटर वाढतो. फूटभर उंचीचा गोळा म्हणजे तीस वर्षं, तुझ्या वयाहून जास्त. १९८७ मध्ये तो भाग सागरी अभयारण्य झाला. विजयदुर्गापासून पश्चिमेला सुमारे १०५ किलोमीटरवर समुद्रात बुडालेलं एक पठार आहे, त्याला कान्होजी आंग्र्यांच्या नावावरून आंग्रिया बँक म्हणतात, आणि त्यावरही प्रवाळ आहेत. मुंबईत कोस्टल रोड बांधताना वरळी आणि हाजी अलीचे प्रवाळ वाटेत आले, तेव्हा २०२० मध्ये परवानगी काढून ते उचलून दुसरीकडे नेऊन लावावे लागले. एवढा मोठा रस्ता, पण त्यालाही प्रवाळांसाठी वेगळी परवानगी काढावी लागली. त्या जिवांची किंमत महाराष्ट्राने थोडी तरी ओळखली, याचा मला अभिमान वाटतो.

मग टाकीत काय ठेवशील? पुष्कळ काही. क्लाउनफिशची एक जोडी, जिला तुम्ही निमो म्हणता. हे मासे समुद्रातून पकडलेले नकोत, हॅचरीत जन्मलेले घे. केरळात विळिंजमला आणि तमिळनाडूत मंडपमला आपल्या सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांची पैदास बसवली आहे, आपल्या ऐरोलीतही अशा माशांची हॅचरी आहे. हॅचरीतला मासा टाकीत आल्या दिवसापासून दाणे खातो, काचेला सरावलेला असतो, आणि नीट ठेवला तर दहा-पंधरा वर्षं सहज जगतो. जोडीत मोठी ती मादी. ती गेली तर नर स्वतःच मादी होतो. एखादा गोबी मासा, एखादी क्लीनर कोळंबी, थोड्या गोगलगायी आण. प्रत्येक नवा मासा आधी चार आठवडे वेगळ्या, साध्या टाकीत ठेव. मँडरिन मासा दिसायला अप्रतिम असतो, पण तो सूक्ष्म जिवंत कोपेपॉड टिपत दिवसभर हिंडतो, आणि नव्या टाकीत ते पुरेसे नसल्याने उपाशी मरतो. तो घेऊ नकोस. मऊ प्रवाळांपैकी काही ठेवायचे असतील तर वनखात्याकडे आधी विचार, आणि कुणाच्या टाकीतच वाढलेल्या वसाहतीचा तुकडा, पावतीसकट घे. पण हे वर्षभराने. तोवर अल्कलिनिटी, कॅल्शियम, मॅग्नेशियम हे आकडे एका जागी धरून ठेवायची सवय होऊ दे. आकडा आदर्श असण्यापेक्षा तो न हलणं महत्त्वाचं.

फेब्रुवारी-मार्चमध्ये इकडे ये. अमावास्या किंवा पौर्णिमेला जोडून ये, म्हणजे उधाणाची ओहोटी खूप आत जाते. हाजी अलीच्या खडकांवर तुला प्रवाळांच्या नात्यातल्या झोअँथिडचे गालिचे दाखवतो, हिरवे-तपकिरी, बटणाएवढे, मुंबईच्या गढूळ पाण्यात तगून राहिलेले. २०१७ पासून मरीन लाइफ ऑफ मुंबईची मंडळी लोकांना असे किनारे दाखवत असतात, त्यांच्याबरोबर जाऊ. पायाखाली पाहून चालायचं आणि काही उचलायचं नाही.

तोवर दोन कामं कर. नळाच्या आणि बोअरच्या पाण्याचा टीडीएस वेगवेगळा मोजून मला कळव, म्हणजे डीआयचं भांडं केवढं लागेल ते सांगतो. आणि आईला सांग, इंजिनिअरने स्लॅब पाहिल्याशिवाय काच कापायला द्यायची नाही असं मामाने बजावलंय.

तुझा,
मामा