किमान तीन रात्री

माघ महिन्यात कवळ्याची शांतादुर्गा वा मंगेशी येथील जत्रेस निघालेल्या कुळाव्यास अग्रशाळेत खोली मिळाली नाही, म्हणजे तो जवळपासचे सुसज्ज घर भाड्याने पाहू लागतो. तेथे कित्येक मालकांची अट असते : किमान तीन रात्री. दर्शनास एक रात्र पुरते, पैसे मात्र तिहींचे मोजावयाचे. हे न्याय्य आहे काय?

कायद्यापुरते बोलावयाचे तर मालकास अशी अट घालता येते. न्यूयॉर्क शहरात तर मालक स्वतः घरात राहत नसेल, तर तीस दिवसांहून कमी मुदतीने घर देण्यास कायद्याचीच आडकाठी आहे; २०२३ च्या सप्टेंबरपासून तेथे नोंदणीचीही सक्ती सुरू झाली. पण तेथील हेतू राहत्या वस्तीचे रक्षण हा आहे. आपल्या मालकाचे म्हणणे साधे असते : चादरी धुणे, झाडलोट, किल्ल्यांची देवघेव यांचा खर्च एका रात्रीलाही तेवढाच पडतो. हे म्हणणे खोटे नव्हे. मग तो खर्च त्याने उघडपणे वेगळा मागावा.

मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात अतिथीची ओळखच एक रात्र राहणारा अशी दिली आहे. धर्मशाळाही मुदत घालतात, परंतु ती कमाल. मागून येणाऱ्यास जागा मिळावी म्हणून. आदिलाबाद जिल्ह्यात पौष पौर्णिमेस नार्नूरला खामदेवाची आणि अमावास्येस केस्लापूरला नागोबाची जत्रा भरते. नागोबाच्या यात्रेत मेश्राम कुळातील मंडळी वडाखाली उतरतात. तेथे भाड्याचा प्रश्नच नाही.

अर्थात कर्ज काढून बांधलेल्या घरावर धर्मशाळेचे कर्तव्य लादणे आम्हांस मान्य नाही. एरवीच्या हंगामात मालकाने खुशाल अट घालावी. जत्रेची गर्दी मात्र त्याने जमविलेली नसते, ती देवाच्या तिथीने जमते. शिवाय पाहुणा एका रात्रीत निघून गेला, तर उरलेल्या दोन रात्री घराला कुलूप, आणि दुसरे कुटुंब लेकराबाळांसह मोटारीत निजलेले, हे आम्हांस खटकते. १८७२ चा करार कायदा नुकसान ठरविताना ते टाळण्याची कोणती साधने हाताशी होती, हेही पाहावयास सांगतो. रिकामी झालेली खोली दुसऱ्यास देऊन पहिल्यास तेवढे पैसे परत करणे, हे असेच एक साधन होय. देवस्थानच्या महाजनांनी ही गोष्ट घरमालकांच्या कानी घालावी, आणि जत्रेपूर्वी एका रात्रीस घर देण्यास तयार असणाऱ्यांची यादी अग्रशाळेच्या दारावर लावावी.